गावाचं मीठ

विमलबाईच्या तोंडाला अख्खं मांडवखेडा गाव वचकून असायचं. खोटं कशाला सांगायचं, सगळ्यांत जास्त वचकून असायचा तो तिचा नवरा नागोराव. तेलंगणातल्या आदिलाबादला, शेतकऱ्यांच्या रैतू बाजारात ती वांग्यांची पाटी घेऊन बसली, की भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक लांबूनच वळायचं. पटवारी असो, बसचा कंडक्टर असो, विमलबाईनं कधी कोणाची भीडभाड ठेवली नाही. आणि अशा बाईच्या हातात भर सभेत माइक आला, समोर जिल्ह्याचे मोठे साहेब, मागे कान टवकारून बसलेलं गाव, तर ही बया बोलली काय?

"जेवन चांगलं होतं."

बस. एवढं बोलली आणि खाली बसली.

झालं असं, की गावाच्या उगवतीला एक माळ आहे, पांढरा माळ म्हणतात त्याला. कुदळ मारली की चुन्याचा दगड लागतो. आजवर तिथं शेळ्या चरल्या, पोरांनी बोरं खाल्ली, याउपर त्या माळाचा कोणाला उपयोग नव्हता. मग एका सिमेंट कंपनीला तो दगड आवडला. माळावर जागोजाग भोकं पाडून झाली, जीपा येऊन गेल्या, आणि एक दिवस दवंडी पिटली गेली की इथं खाण निघणार, आणि त्याबद्दल गावाचं काय म्हणणं आहे ते ऐकायला साहेब स्वतः येणार.

आता गावाचं म्हणणं कधी एक असतं होय? भगवंतरावांची माळावर जमीन, त्यांना खाण हवी. "दगडावर कुसळ उगवत नाई, घेऊन राह्यले तर घेऊ द्या ना," असं ते पारावर बसून दिवसभर सांगायचे. पोट्ट्यांना खाण हवी, कारण नुसत्या कापसाच्या भरवशावर त्यांना कोणी पोरगी देत नव्हतं. बायकांना धुळीची धास्ती. म्हाताऱ्यांना सुरुंगांची धास्ती. आणि विमलबाईला एकच धास्ती होती, विहिरीची.

ही विहीर माळाच्या पायथ्याशी, नागोरावाच्या शेतात. माळाच्या पोटातलं पाणी तिच्यात पाझरतं, भर वैशाखातही तळ दिसत नाही. घरोघरी नळ आलेत म्हणा, पण उन्हाळ्यात नळ नुसता सूं सूं करतो. मग सगळं गाव घागरी घेऊन नागोरावाच्या बांधावर. विमलबाईची वांगी या पाण्यावर, मिरची या पाण्यावर. नवी नवरी होती तेव्हा माहेरच्या आठवणीनं रडायला ती इथंच यायची, आणि पुढं सासूशी भांडण झालं की तोंड धुवायलाही इथंच. पलीकडच्या एका गावाजवळ असाच दगड काढला आणि तिथल्या विहिरीत आता बाभळी उगवल्यात, हे नणंदेनं सांगितल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. तिचा प्रश्न साधा होता. खाण झाली तर माझी विहीर राहील का? पंधरवडाभर ती हा प्रश्न वांग्याच्या ताटव्यात उभी राहून मोठ्यानं म्हणत होती. वांग्यांना पाठ झाला असेल.

मग सभेत तिची वाचा बसली कशी? तर जेवणामुळं.

साहेबांना यायला उशीर होत होता. कंपनीच्या वतीनं मांडव घातला होता महिपतनं. हा महिपत ठेकेदार, जैनथकडचा, बोलायला गूळ. तो हात जोडून म्हणाला, "साहेब येतपर्यंत दोन घास खाऊन घ्या ना बाप्पा, उपाशी काऊन बसता?" पंगत बसली. पुरी, मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी. विमलबाईनंही पान वाढून घेतलं. वांगी शिळी होती, हे तिनं शेजारणीला सांगितलंही, पण बुंदी मात्र दोनदा घेतली.

आणि तिथंच सगळं गाव फसलं. या मुलखात मिठाला फार मान. ज्याच्या पंगतीला बसलात, त्याच्याविरुद्ध त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. ज्याच्याशी भांडायचंय त्याच्या घरचं पाणीसुद्धा माणूस टाळतो. विमलबाईचा सासरा एकदा व्याह्याशी भांडायला उपाशी गेला होता, संध्याकाळपर्यंत उपाशीपोटी भांडला, आणि भांडण मिटल्यावरच त्याच्या ताटावर बसला. अशी ही माणसं. साहेब आले, माइक फिरला, "कोणाला काही विचारायचं आहे?" असं साहेबांनी दोनदा विचारलं, आणि बुंदी खाल्लेलं गाव मूग गिळून बसलं. विमलबाई कशीबशी उठली खरी. पण प्रश्न ओठांवर आला आणि त्याच्या आधी बुंदीची चव आली. जे बोलता येण्यासारखं होतं तेवढंच ती बोलली.

गाव खदखदून हसलं. महिपतही हसला, पण बारीक, मिशीतल्या मिशीत. ते हसू तिला झोंबलं.

तेवढ्यात धापा टाकत प्रतिभा आली. प्रतिभा म्हणजे भीमनगरातल्या चंपाबाईची लेक, गावातल्याच शाळेत शिक्षिका. पोरं तिला टीचरम्मा म्हणतात. शाळेतल्या पोरांचं जेवण उरकेपर्यंत तिला निघता आलं नव्हतं, म्हणजे मांडवातलं जेवण तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. ती सरळ साहेबांपुढं उभी राहिली आणि तेलुगूत म्हणाली, "सार, कंपनीचे कागद तेलुगू आणि इंग्रजीत आहेत. इथं घराघरात मराठी बोलतात. लोकांनी न वाचता काय विचारावं?" साहेब भला माणूस होता. त्यानं कंपनीला मराठी कागद द्यायला सांगितलं, आणि राहिलेली सभा पुढच्या बुधवारी ठेवली.

घरी येईपर्यंत विमलबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्यात लखन दारातच म्हणाला, "माय, बरं झालं तू काई बोलली नाई."

लखन तिचा एकुलता एक. जेसीबी चालवायला शिकलेला. काम मिळालं तर चार दिवस मिळायचं, नाहीतर पुन्हा घरी.

"बरं झालं? माही भर सभेत फजिती झाली अन् तुले बरं वाटून राह्यलं?"

"तसं नाई वं माय. खाण झाली तर मले मशीनवर घेनार हायेत. मी इथंच राहीन, तुमच्याजवळ. नाईतर हैदराबादले जाऊ काय? सांग तूच."

हे मात्र तिच्या वर्मी बसलं. लखन हैदराबादला गेला म्हणजे दिवाळीपुरता यायचा, हे तिला कळत होतं. ती चुलीपुढं बसली आणि उगाच लाकडं मागं-पुढं करत राहिली.

"मले खाण नको, असं मी कवा म्हनली?" ती शेवटी म्हणाली. "मले विहीर पाहिजे. अन् तू बी इथंच पाहिजे."

"दोन्ही नसते भेटत माय."

"काऊन नाई भेटत? कोनं सांगितलं तुले? इचारलं का कोनं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. हवी म्हणणारे पारावर एका बाजूला बसायचे, नको म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि अमुक केलं तर काय होईल, तमुक केलं तर काय होईल, हे ज्याला माहीत त्या माणसाला आजवर कोणी धरलंच नव्हतं.

नागोराव तंबाखू मळत हळूच म्हणाला, "इचारनार कोन? समदे जेवून बसले ना. महिपत आपल्याच भागातला हाय. त्याले बराबर मालूम."

विमलबाईच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. मेल्यानं मुद्दाम जेवू घातलं होतं तर! तिनं महिपतच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. आणि मग एकदम शांत झाली. ती शांत झाली की नागोरावाला जास्त भीती वाटायची.

"मंग आपन त्यायले जेवू घालू," ती म्हणाली.

"कोनाले?"

"कंपनीवाल्यायले. बुधवारी. खाऊ दे आपलं मीठ, मंग इचारतो मी. पाहू कसे खोटं बोलतात."

नागोराव विचारात पडला. "आपल्या घरचं मीठ खाल्लं तर ते आपल्या घरापुरतं झालं. गावाशी खोटं बोलाले मोकळेच की."

बोलला क्वचित, पण बोलला की नेमका. विमलबाईनं त्याच्याकडं नव्यानं पाहिलं. "मंग गावाचं मीठ घालू," ती म्हणाली. "घराघरातून चिमूट चिमूट आनतो. एकबी घर सोडत नाई."

रविवारी सकाळी ती पितळेचा डबा घेऊन निघाली. बायका दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. "काऊन वं विमल, वांग्यायले गिऱ्हाईक नाई काय? मीठ मांगून राह्यली!" पण कशासाठी ते कळलं की हसणं थांबायचं आणि चिमटीच्या जागी मूठ यायची. खाण हवी म्हणणाऱ्यांनीही दिलं. विचारण्यात काय वाईट आहे, असंच त्यांचंही म्हणणं पडलं. भगवंतराव तेवढे आडवे झाले.

"माह्या ताटात माती कालवाले निघाली तू. त्यायनं माळ नाई घेतला मंग?"

"इका ना तुमी माळ! कोन नाई म्हनते? मी नुसतं इचारनार हाव."

"भेटनार नाई मीठ."

विमलबाई वळली. तर घराला वळसा घालून मागच्या दारानं देवकाबाई, भगवंतरावांची बायको, ओंजळभर मीठ घेऊन हजर. "वैशाखात घागरी मी वाहतो वं, त्यायले का माहीत," ती पुटपुटली आणि ओंजळ डब्यात उलटी करून पळाली.

राहिलं भीमनगर. तिथल्या कडुनिंबाशी आल्यावर विमलबाईची पावलं जड झाली. या वस्तीत ती यायचीच नाही असं नाही. लग्नाला यायची, आहेर द्यायची, उभ्या उभ्या निघून जायची. कोणी चहाचं विचारलं तर "आत्ताच झाला" ठरलेलं. चंपाबाई ओसरीवर डाळ निवडत होती. ही चंपाबाई एके काळी विमलबाईच्या शेतात कापूस वेचायला यायची. दुपारी विमलबाईची सासू तिच्या हातावर भाकर वरून टाकायची, आणि नवी नवरी विमल बाजूला उभी राहून ते बघायची. दोघींनाही ते आठवत होतं, आणि दोघींना आठवतंय हेही दोघींना माहीत होतं.

"मीठ मांगाले आली म्हनतात," चंपाबाई सुपातून वर न बघता म्हणाली. "आमचं चालंल काय तुमाले?"

रागानं नाही म्हणाली. पण थट्टेनंही नाही. आठवड्यात दुसऱ्यांदा विमलबाईची जीभ टाळूला चिकटली. मग तिनं डबा ओसरीवर ठेवला आणि स्वतःही टेकली.

"तुमचं नसलं तर ते गावाचं कसं होईल, चंपाबाई?" ती म्हणाली. "अन् चहाबी पाजा. सकाळपासून हिंडून राह्यली."

चंपाबाईनं आता वर पाहिलं. मग "प्रतिभा, आधण ठेव वं," अशी आत हाक दिली. चहा आला. साखर अंमळ जास्तच होती, पण विमलबाईनं बशी निपटून घेतली आणि एक शब्द बोलली नाही. प्रतिभानं कंपनीकडून आलेले मराठीतले कागद तोवर वाचून काढले होते.

"काकू, यात लिहिलंय, विहिरींवर परिणाम नगण्य."

"नगन्य मंजे?"

"म्हणजे मोजण्यासारखा नाही."

"त्यायच्यासाठी का आपल्यासाठी?"

प्रतिभा हसली. "हेच विचारा बुधवारी."

बुधवारी पहाटेपासून शाळेच्या मैदानात, सभेच्या मांडवामागं, पऱ्हाट्यांचा जाळ पेटला. कापूस वेचून झाला की उरलेल्या त्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत ज्यानं खाल्लं नाही, त्याची कीव करावी. वांगी विमलबाईच्या ताटव्यातली, हिरवी पात देवकाबाईच्या परसातली, ज्वारीचं पीठ ज्याच्या त्याच्या घरचं. भीमनगरच्या आणि वरच्या आळीच्या बायका एकाच लांब चुलाण्यावर भाकरी थापत होत्या, आणि कोणाची भाकर कोणती ते टोपलीत पडल्यावर कळत नव्हतं. मीठ मात्र एकाच डब्यातलं. डाळभाजीत तेच, ठेच्यात तेच, भरतात तेच. विमलबाई स्वतः त्या डब्याजवळ उभी होती, आणि सकाळपासून नुसत्या पाण्यावर होती. व्याह्याशी उपाशीपोटी भांडलेल्या सासऱ्याचीच रीत तिनं आणि सगळ्या गावानं धरली होती.

साहेब वेळेवर आले. पंगत बघून त्यांनी हात जोडले. "अम्मा, कामावर असताना मी कोणाचंच जेवत नाही. त्या दिवशीही जेवलो नव्हतो." विमलबाईला हे आवडलं. ज्यानं कोणाचंच मीठ खाल्लं नाही तो सरळ लिहील, असा तिनं हिशेब केला, आणि त्यांना नुसतं विहिरीचं पाणी दिलं.

कंपनीची माणसं तीन. जाडजूड मॅनेजर, हैदराबादकडचा, हिंदी बोलणारा. तो "अरे वा, बैंगन भरता!" म्हणत आनंदानं मांडी घालून बसला. दुसरा महिपत. त्यानं पान बघितलं, उभ्या गावाकडं बघितलं, आणि काय ते ओळखलं. "माहा उपास हाय," तो म्हणाला.

"बुधवारचा?" विमलबाईनं विचारलं, तशी बायका खुसुखुसु हसल्या.

तिसरा एक तरणा पोरगा होता, चष्मेवाला, बुटांना पांढरी धूळ. हर्षदीप नाव. माळावर भोकं पाडून दगड-पाणी तपासलं ते यानंच.

"कुठचा रे बाबा तू?" विमलबाईनं भाकर वाढत विचारलं.

"मुधोळचा, मावशी."

"मंग तर आपलाच."

हर्षदीपनं भाकर मोडली. घास उचलला, आणि त्याच्या लक्षात आलं की सगळं गाव उभं आहे, जेवत कोणीच नाही, सगळे आपल्याच हाताकडं बघतायत. "तुम्ही नाही बसत?" त्यानं ठेचा वाढणाऱ्या चंपाबाईला विचारलं.

चंपाबाई थांबली. "आदी सांगून ठेवतो बाबा," ती म्हणाली. "यात समद्या गावाचं मीठ हाय. घराघरातून मांगून आनलं. आता खानं असंल तर खा, नाईतर राहू दे. कोनी राग धरनार नाई."

इतकं जुळवून आणलं आणि हिनं एका वाक्यात सांडून टाकलं! विमलबाई चंपाबाईचा दंड धरून कानाशी फणफणली, "काऊन सांगितलं वं?"

"न सांगता खाऊ घालनं तर महिपतलेबी येते," चंपाबाई म्हणाली.

विमलबाईनं तिचा दंड सोडला.

हर्षदीपचा हात ताटावर थांबला होता. तो मुधोळचा, त्याला मीठ म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं एकदा मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर दुसरी भाकर मागत होता, त्याला या मिठाचं काही कळलं नव्हतं. मग त्यानं माळाकडं पाहिलं. विमलबाईचा जीव नुसता टांगणीला लागला. उठतो आता, हात धुतो, आणि माझी विहीर गेली, असं तिला वाटलं.

हर्षदीपनं घास तोंडात घातला. सावकाश चावला. मग ताट पुढं केलं आणि म्हणाला, "मावशी, भरीत वाढा अजून थोडं."

सभा सुरू झाली. विमलबाई माइक येईपर्यंत थांबलीच नाही, उठून तिनं तो घेतलाच. "खाण झाली तर माही विहीर राहील का?" पंधरा दिवस वांग्यांनी ऐकलेला प्रश्न शेवटी माणसांनी ऐकला. मॅनेजर हसतमुखानं सांगायला लागला की कागदात सगळं दिलंय, परिणाम नगण्य आहे. तिनं त्याला मधेच थांबवलं. "तुमाले नाई साहेब. मी या पोराले इचारून राह्यली."

हर्षदीप उभा राहिला. मग म्हणाला, "नकाशात दाखवलाय तसा पूर्ण माळ खणला, तर विहीर राहणार नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत आटेल. गावाकडच्या उताराखालीच पाण्याची वाट आहे. भोकं मी पाडलीत, पाणी मी पाहिलंय."

महिपत तटकन उठला, "अबे, तुले पगार कोन देते?" साहेबांनी हात वर करून त्याला बसवलं. "बोलू द्या त्यांना."

"पण माळ सोडायची गरज नाही," हर्षदीप घाईघाईनं पुढं म्हणाला. "गावाकडचा उतार सोडला, बोरीच्या झाडांपासून पलीकडच्या अंगाला खणलं, तर पाण्याला धक्का लागत नाही. दगड तिकडंही भरपूर आहे. रस्ता लांबून न्यावा लागेल, खर्च वाढेल. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं."

भगवंतराव ताडकन उभे. "बोरीच्या पलीकडं? तिथं तर माही जमीन हाय! मंग हे आदी काऊन नाई सांगितलं?"

"आदी इचारलं असतं तर," देवकाबाई बायकांतून मोठ्यानं म्हणाली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायकोच्या एका वाक्यावर भगवंतराव खाली बसले.

तसं बघितलं तर नुकसान झालं ते विमलबाईचंच. उतारावरची एक खडकाळ पट्टी नागोरावाच्या नावावर होती. कंपनीनं ती घेतली असती, आता कोणी फुकटही घेणार नव्हतं. लखनला ते माहीत होतं. तो पोट्ट्यांच्या घोळक्यातून पुढं आला तेव्हा विमलबाईला वाटलं, आता हा माझ्याविरुद्ध बोलणार. त्यानं माइक धरला आणि घसा साफ केला.

"साहेब, मले मशीनवर नोकरी पाहिजे. आमच्या समद्या पोट्ट्यायले पाहिजे. खाण झाली पाहिजे. पन धूळ माखून घरी आल्यावर आंघोळीले पानीबी पाहिजे ना? उतार सोडा. बाकी खना."

आधी पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. विमलबाईला एकदम भरून आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ती उगाच जाळाच्या धुराला शिव्या द्यायला लागली.

मॅनेजर बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा घामाघूम झाला होता. उतार सोडून खणायला कंपनीची ना नाही, म्हणाला. साहेब म्हणाले, "ना असती तरी मी हे अट म्हणूनच लिहिलंय. उतार आणि विहीर सोडून. कामावर आधी गावातली पोरं." त्यांनी ते तेलुगूत वाचून दाखवलं, प्रतिभानं मराठीत सांगितलं, आणि गावानं माना डोलावल्या. हर्षदीपकडं बघून मॅनेजर इतकंच म्हणाला, "ये पहले मुझे बताते तो अच्छा था." त्यानं आवाज मात्र चढवला नाही. दोन भाकरी त्याच्याही पोटात होत्या.

साहेब कागद आवरत म्हणाले, "आणखी कोणाला काही बोलायचं आहे?"

विमलबाईनं पुन्हा माइक घेतला. मागच्या सभेचं सगळ्यांना आठवलं आणि लोक आतापासूनच हसायला लागले. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. ती हर्षदीपकडं वळली. एवढासा पोरगा, मान खाली घालून बसला होता, उद्या नोकरी राहते का जाते या विचारात.

"काऊन रे बाबा," तिनं विचारलं, "जेवन कसं होतं?"

हर्षदीपनं मान वर केली. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं, आणि आता कोणाच्या डोळ्यांत राग नव्हता.

"मीठ बराबर होतं, मावशी," तो म्हणाला.

मग विमलबाईनं पदर खोचला, टोपल्या मांडवात आणल्या, आणि सकाळपासून उपाशी असलेलं गाव एका रांगेत जेवायला बसलं. चंपाबाईनं शेजारी जागा धरून ठेवली होती, तिथं ती बसली.